माऊस धरायची रीत

उदगीर–नांदेड गाडी मुखेडच्या स्टँडवर लागली तेव्हा तिच्यात एकच जागा रिकामी होती, आणि त्या जागेच्या शेजारी बसलेला तरुण आपल्या मांडीवर माऊस फिरवत होता.

कॉम्प्युटरचा माऊस. नुसताच. त्याची वायर शर्टाच्या खिशात खोचलेली आणि तिच्या टोकाला काहीच नाही. माणूस मात्र परीक्षेला बसल्यासारख्या चेहऱ्यानं तो माऊस मांडीवरून गुडघ्यापर्यंत नेत होता, गुडघ्यावर थांबून टिक करत होता, आणि परत मागे आणत होता.

शिवकांतानं आधी खिडकीबाहेर बघितलं. मग पर्समध्ये उगीच काहीतरी शोधलं. शेवटी ओढणी तोंडावर धरली, तरी खांदे हलायचे ते हललेच.

"हसून घ्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मघाशी कंडक्टरबी हसून गेला. कॉलेजात कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल सुरू हुतंय. हात बसावा म्हनून करून राहिलो."

कुठलं कॉलेज, असं तिनं विचारलं. विष्णुपुरीच्या रस्त्यावरचं, बीएडचं, शेवटच्या फेरीत नंबर लागला, असं तो म्हणाला. आता गंमत अशी, की शिवकांताचाही नंबर तिथंच, त्याच फेरीत लागला होता. पण हे तिनं लगेच सांगितलं नाही. चांगली बातमी थोडी हातात ठेवावी, असं तिला वाटलं… किंवा त्या माऊसकडे अजून थोडा वेळ बघावं असं वाटलं. दोन्हीतलं खरं कुठलं, ते तिचं तिलाच माहीत.

गाव त्याचं उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. नाव संगमेश्वर. घरी ज्वारी, तूर आणि एक जुना ट्रॅक्टर. माऊस मात्र नवा कोरा.

"असा नाही धरायचा," ती न राहवून म्हणाली. "नांगराची मूठ आहे का ती? आणा इकडं."

तिचा भाऊ बालाजी मुखेडच्या बाजारात ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. बारावी झाल्यापासून त्या दुकानातला माऊस खरं म्हणजे शिवकांताच्याच हातात होता. पीकविमा, जातीचे दाखले, पोलीस भरती… निम्म्या तालुक्याचे फॉर्म तिच्या बोटांखालून गेले होते. तिनं त्याच्या हातातून माऊस घेतला, आपल्या मांडीवरच्या पर्सवर ठेवला आणि त्यावर हलकेच तळवा टेकवला.

"होल्याचं पिल्लू हातात आहे असं समजायचं. दाबलं तर मेलं, सोडलं तर पडलं."

त्यानं माऊस परत घेतला. धरला. आणि खरोखर, अंगणात घरट्यातून पडलेलं पाखरू उचलावं तसा धरला. लोहा येईपर्यंत तो हाताकडेच बघत राहिला. लोह्याला गाडी चहासाठी थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "मॅडम, तुमी शिकवता का कुठं?"

"शिकवणार आहे," शिवकांता म्हणाली. "उद्यापासून. तुमच्याच कॉलेजात, तुमच्याच वर्गात… बसून."

---

बीएडच्या कॉलेजात एक गमतीची पद्धत असते. अजून कोणी शिक्षक झालेलं नसतं, पण सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. सवय लागावी म्हणून. त्यामुळे ‘सर, डब्यात काय आणलं’ आणि ‘मॅडम, तुमची चप्पल माझ्या पायात आली’ अशी बोलणी दिवसभर चालतात. त्या मानाच्या हाकेच्या आडून बरंच काही बोलता येतं, हे त्या दोघांच्या लवकरच लक्षात आलं.

लॅबमध्ये कॉम्प्युटर भिंतीला लागून ओळीनं मांडलेले, पण चालणारे निम्मेच. दसऱ्याला वाहिलेली झेंडूची फुलं वाळून मॉनिटरच्या डोक्यावर तशीच. अख्ख्या इमारतीत एसी तेवढ्याच खोलीला, म्हणून चपला-बूट बाहेर काढायचे, आणि आत फिनाईल आणि मोज्यांचा मिळून एक वास. हे सगळं ज्यांच्या ताब्यात होतं त्या हणमंते मॅडम. ठेंगण्या, चष्मा कायम केसांत खोचलेला, आवाज इतका हळू की वर्गाला आपोआप गप्प बसावं लागायचं.

त्यांचा नियम सोपा होता. एका कॉम्प्युटरवर दोघं, ज्याला येतं तो एक आणि ज्याला येत नाही तो एक. आणि ज्याला येतं त्यानं माऊसला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं. "हात लावून करून देणं म्हणजे शिकवणं नव्हे," त्या म्हणायच्या. "ती दुकानदारी झाली."

शिवकांताच्या वाट्याला संगमेश्वर आला. यात देवाचा हात किती आणि शिवकांताच्या मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसण्याचा किती, ते सोडून देऊ.

हात न लावता शिकवायचं म्हणजे फार अवघड. तिची बोटं शिवशिवायची. मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची आणि बोलत राहायची. वर… अजून वर… डावीकडं, तुमच्या डावीकडं… अहो, जेवतो तो उजवा. त्याचं डबल क्लिक तर लांबचंलांब व्हायचं. एक टिक व्हायची, मध्ये म्हशीनं पाणी पिऊन यावं, मग दुसरी टिक.

"दार वाजवता ना तुम्ही," ती एकदा वैतागून म्हणाली, "तसं. आत आपलं माणूस आहे आणि ते आत्ता उघडणार आहे, अशा घाईनं. टकटक."

"आत कोन हाय त्याच्यावर हाय ते, मॅडम," संगमेश्वर पडद्याकडे बघत म्हणाला.

आणि फाईल उघडली. पहिल्याच वेळी.

मराठी टायपिंग आलं तेव्हा त्यानं सगळ्यांत आधी गाडीच्या रस्त्यावरची गावं लिहून काढली. उदगीर, जळकोट, मुखेड, कंधार, लोहा, नांदेड. एका ओळीत एक. तिनं वाकून बघितलं. सगळी गावं एकसारखी, मुखेड तेवढं ठळक.

"हे ठळक कामून झालं?"

"हात चुकला."

"कंट्रोल आणि बी, दोन्ही एकदम चुकून दाबले गेले?"

"जातेत कधी कधी," तो म्हणाला. "शेजारी नसले तरी."

मांडीखाली दाबलेली बोटं तिनं आणखी घट्ट दाबली. त्या शनिवारी गावाकडे जाणाऱ्या गाडीत दोघं शेजारी बसले, आणि त्यानं खिशातून माऊस काढला तेव्हा तिला हसू आलं नाही. तिला वाटलं, नांदेड ते मुखेड हा रस्ता उगीच इतका चांगला केला सरकारनं.

---

चूक तिची एवढीच झाली, की तिनं त्याला फार नीट शिकवलं.

थंडी पडेपर्यंत संगमेश्वरला सगळं यायला लागलं. मांडीवरचा माऊस चालूच होता, त्यात पुठ्ठ्यावर स्केचपेननं काढलेला कीबोर्ड घेऊन तो घरीही बोटं चालवायचा. त्याची आई म्हणायची साकु, म्हणजे पुरे झालं; पण हा थांबायचा नाही. एक दिवस हणमंते मॅडम त्याच्या मागे उभ्या राहिल्या, त्यानं पाठात चित्र घातलं, आवाज घातला, प्रोजेक्टरवर लावून दाखवलं. मॅडमनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला. तसं त्या फारच खूश झाल्या की करायच्या.

"छान. आता तुम्ही येणाऱ्यांत. उद्यापासून करिश्माजवळ बसा."

म्हणजे शिवकांतानं रोज थोडा थोडा करून आपल्याच हातानं त्याला आपल्या शेजारून उठवला होता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मांडीखालून हात काढायलाही विसरली.

करिश्मा लोह्याची. हसरी, बोलकी, नखांना गुलाबी रंग, आणि कॉम्प्युटरची इतकी भीती की माऊस ती मेलेल्या उंदराला शेपटीनं उचलावं तसा दोन बोटांत उचलायची. शिवकांताच्या शेजारी आले मडिवाळप्पा सर. देगलूरचे, वर्गात सगळ्यांत वयस्क, घरी दोन मुलं. फार सज्जन माणूस, पण कीबोर्डचं एकेक बटन महादेवाच्या देवळातली घंटा वाजवावी तसं वाजवायचे. वाजवून झालं की नमस्कार करतील असं वाटायचं.

शिवकांता त्यांना शिकवत होती आणि कान तिचे पलीकडच्या भिंतीला लागले होते. करिश्मा खिदळली. आता माऊस शिकताना खिदळण्यासारखं काय असतं? तिला स्वतःला कधी खिदळू आलं नव्हतं… म्हणजे आलं होतं, पण ती दाबत होती. चांगल्या घरच्या मुली दाबतात.

आणि मग तिनं ते ऐकलं.

"होल्याचं पिल्लू हातात हाय असं समज, करिश्मा. दाबलं तर मेलं, सोडलं तर पडलं."

शिवकांताचं बोट मडिवाळप्पा सरांच्या कीबोर्डवर पडलं आणि तिथंच राहिलं. समोर सरांचा सकाळपासून जमवलेला परिच्छेद शेवटून सुरुवातीकडे पुसत गेला. सर बिचारे बघत राहिले. त्यांना वाटलं, हेही शिकवण्याचाच भाग असेल.

तिचं वाक्य. गाडीत, तिच्या पर्सवर, तिच्या तोंडून निघालेलं. एखाद्याला आपण घरची चटणी डब्यात बांधून द्यावी आणि त्यानं ती दुसरीच्या पानात वाढावी, तसं झालं. आणि वर ‘समज’! ‘समजा’ नव्हे. करिश्मा मॅडम नव्हे, नुसती करिश्मा. आपल्याला इतक्या महिन्यांत मॅडमच्या पुढं एक अक्षर नाही, आणि तिला आल्या आल्या नावानं हाक.

दुपारी चहाच्या टपरीवर संगमेश्वर नेहमीसारखा तिच्यासाठी कमी साखरेचा चहा घेऊन आला.

"उदाहरण छान दिलं सर," ती म्हणाली. "कुठून मिळालं?"

"एका मॅडमकडून," तो हसून म्हणाला.

"त्या मॅडमला विचारलं होतं का, कोणालाही सांगू का म्हणून?"

त्याचं हसू थांबलं. चहा त्याच्या हातात तसाच राहिला. शिवकांता मडिवाळप्पा सरांच्या दोन मुलांची चौकशी करायला निघून गेली, आणि त्या मुलांबद्दल तिनं इतकं विचारलं की सरांनाही नवल वाटलं.

त्या शनिवारी ती स्टँडवर लवकर गेली, खिडकीची जागा पकडली आणि शेजारच्या जागेवर आपली बॅग ठेवली. संगमेश्वर चढला. त्यानं बॅगेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर उसाच्या रसाचा गाडा बघत होती. हिवाळ्यात तो बंदच होता, तरी बघत होती. तो दांडीला धरून उभा राहिला.

दोन बाक पुढं करिश्मा होती. ती सरकली. "सर, या की इथं."

तो बसला. मग लोह्यापर्यंत करिश्माची वेणी आणि त्याचा खांदा… वळणावर जवळ, सरळ रस्त्यावर लांब. शिवकांताला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या रस्त्याला किती वळणं आहेत. करिश्मा लोह्याला उतरली तरी तो मागे आला नाही. मागून दिसत होतं, त्याचा उजवा हात मांडीवर होता. पण फिरत नव्हता. नुसता पडून होता.

बॅगेची आणि तिची मुखेडपर्यंत चांगली सोबत झाली.

---

मग मॅडमनी ते जाहीर केलं. आठवड्यानं प्रत्येकाची एकेकट्याची परीक्षा. आणि त्यावरून शाळेच्या जोड्या. जोडीनं एखाद्या खेड्यातल्या शाळेत जायचं, पुढचे कित्येक महिने रोज तिथंच शिकवायचं, तिथले धूळ खात पडलेले कॉम्प्युटर चालू करायचे. नियम तोच. परीक्षेत ज्याला येतं तो एक, येत नाही तो एक.

शिवकांतानं रात्रभर नव्हे, फक्त वरण ढवळता ढवळता विचार केला, आणि तेवढ्यात सगळं स्पष्ट झालं. संगमेश्वर पास होणार. ती स्वतः पास होणार. म्हणजे दोघांची जोडी लागणं शक्यच नाही. आणि करिश्मा? ती नापास होणार. मग ‘येणारा’ तो आणि ‘न येणारी’ ती, एका शाळेत, एका बाकावर, एका डब्यात. वळणावर जवळ आणि सरळ रस्त्यावरही जवळ.

वरण उतू गेलं. तिनं ठरवलं. नापास व्हायचं.

परीक्षेला एकेकाला आत बोलवत होते, बाकीचे व्हरांड्यात. शिवकांता आत गेली, खुर्चीवर बसली आणि माऊस उलटा धरला, वायर आपल्या अंगाकडे करून. पडद्यावरचा बाण कळपातून चुकलेल्या वासरासारखा सगळीकडे हिंडला. फोल्डर समोर होतं तरी सापडलं नाही. चित्र लावायचं तिथं तिनं चित्र पुसून टाकलं. निम्म्या तालुक्याचे फॉर्म भरलेल्या त्या बोटांना हे सगळं करताना लाज वाटत होती; एकदा तर तिचा हात आपोआप बरोबर बटनाकडे निघाला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागे आणला.

हणमंते मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. चष्मा केसांतच होता.

संध्याकाळी सगळ्यांना लॅबसमोर उभं केलं. मॅडम म्हणाल्या, निम्मे पास, निम्मे नापास, बहुतेक अपेक्षेप्रमाणेच. मडिवाळप्पा सर पास. आणि सगळ्यांत सफाईनं कोणी केलं असेल, तर करिश्मानं.

शिवकांतानं वळून बघितलं. करिश्मा दोन्ही गालांवर गुलाबी नखं ठेवून उभी होती.

"चांगल्या येणाऱ्यांतले दोघं मात्र नापास," मॅडम म्हणाल्या. "शिवकांता. आणि संगमेश्वर."

सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो आपल्या मोज्यांकडे बघत होता.

आणि मत्सराची बुद्धी फार चपळ असते. शिवकांताच्या डोक्यात क्षणात हिशेब जुळला. करिश्मा पास, हा नापास. नियमानं जोडी कोणाची? म्हणजे हे ठरवून केलंय. तिला इतकं शिकवायचं की ती पास होईल, आणि आपण मुद्दाम पडायचं. शाबास, सर.

जाताना करिश्मा जवळ आली. "मॅडम, मी तुमचीच विद्यार्थिनी हाय बरं का. मधी एक मानूस होता, एवढंच."

शिवकांता म्हणाली, हो, दिसलं ते. आणि चप्पल घालताना ती मडिवाळप्पा सरांची घालून निघाली.

---

बीएडला पाठ फसला तर सुटका नसते. झालेल्या चुका सांगतात आणि तोच पाठ पुन्हा घ्यायला लावतात. त्याला पुनर्पाठ म्हणतात. येत असून नापास झालेल्या या दोघांचा पुनर्पाठ रविवारी संध्याकाळी ठेवला होता.

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. हरभरा काढणीला आलेला असताना येतो तसला, कोणाला नको असलेला अवकाळी पाऊस. मॅडमनी एकच कॉम्प्युटर चालू केला, समोर दोन खुर्च्या ठेवल्या आणि सांगितलं, की बाकी सगळ्यांच्या जोड्या लागल्या, या दोघांचं आजचं बघून ठरवणार. एकानं पाठ घ्यायचा, दुसऱ्यानं पाचवीतलं लेकरू व्हायचं. विषय, माऊस कसा धरावा. मग त्या शेजारच्या खोलीत चहा घेऊन बसल्या. दार उघडं होतं.

बाकी सगळ्यांच्या जोड्या लागल्या, म्हणजे करिश्माची दुसऱ्या कोणाशी तरी लागली. हे शिवकांताच्या कानावरून गेलं, पण राग इतका जुना झाला होता की तो लगेच उठून जायला तयार नव्हता.

संगमेश्वर उभा राहिला. घसा साफ केला. "तर मुलांनो, हा माऊस. हा हातात धरताना आपन—"

"सर," पाचवीतलं लेकरू म्हणालं, "तुम्ही सगळ्यांना हेच उदाहरण देता का?"

तो थांबला. बाहेर पत्र्यावर पहिले थेंब पडले, सुटे सुटे.

"दुसरं येतच न्हाई मला," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचं जे काही डोक्यात हाय ते तुमच्याच आवाजात हाय. माऊस धरला की तुमीच बोलायला लागता. करिश्मा म्हनली बी, सर, तुमी शिकवून राहिले का शिवकांता मॅडम?"

पाऊस वाढला. लेकरानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग मुद्दाम नापास कशाला झालात? ती पास होणार होती म्हणून?"

"ती पास हुईल असं मला सपनात बी वाटलं नव्हतं." तो खुर्चीत बसला. आता तो शिक्षकासारखा दिसत नव्हता. "तुमी पास हुणार, हे ठरलेलंच हुतं. मी पडलो तर नियमानं तुमच्या वाट्याला येईन. एवढाच इचार केला. आता तुमीच पडाल, हे कुनाला सुचंल? तुमी कामून पडला?"

शिवकांताचंही उत्तर तेच होतं. तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. मग त्याला कळलं. आधी कान लाल झाले, मग तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत… आणि मग तीही. गाडीत पहिल्या दिवशी हसली होती तशी, ओढणी तोंडावर धरून.

तेवढ्यात लाईट गेली. एसी थांबला आणि पावसाचा आवाज एकदम खोलीत आला. कॉम्प्युटर बॅटरीवर होता. खालून ती बीप… बीप… करायला लागली. पडद्याच्या निळसर उजेडात दोघांचे चेहरे तेवढे दिसत होते.

"एक राहिलं," शिवकांता म्हणाली. "तिला करिश्मा. मला मॅडम."

"तिचं नाव घेताना काई हुत न्हाई."

"आणि माझं?"

बीप. बीप.

"त्याची बी प्रॅक्टिस करून राहिलो," तो म्हणाला. "गाडीत. मनातल्या मनात. माऊस आला, पन हे न्हाई जमून राहिलं."

"घ्या पाठ."

त्यानं कीबोर्डकडे बघितलं. ओठ हलवले. "शिवकांता," तो म्हणाला, जणू ते नाव कीबोर्डवर सांडलं आणि आता पुसावं लागणार.

"आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही कुठंच जात नव्हता, पण पाठाचं निरीक्षण तिला करायचंच होतं. "नजर विद्यार्थ्याकडं नाही. आणि विद्यार्थ्याला उत्तर द्यायला वेळच दिला नाही. पुनर्पाठ घ्या."

त्यानं खुर्ची वळवली. गुडघ्याला गुडघा लागला, तो मागे घेतला नाही. बीपा आता जवळ जवळ येत होत्या.

"शिवकांता," तो तिच्याकडे बघून म्हणाला. "मला तुझ्यासंगं जायचंय. शाळेत. आन् शाळा सुटल्यावर बी."

मग त्यानं वेळ दिला. पडदा विझला, बीप थांबली, तरी तो वेळ देत राहिला.

"होल्याचं पिल्लू," अंधारातून ती म्हणाली, "यापुढं कोणाला द्यायचं नाही."

"पोरांना?"

"पोरांना चालेल."

दारात हणमंते मॅडम उभ्या होत्या, हातात रिकामा कप. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, अंधारात काही दिसत नसताना. "दुसऱ्यांदा बरं जमलं," त्या म्हणाल्या. "पास. दोघंही."

दोघंही पास. येणारा एक, न येणारा एक… नियमात त्यांना जागाच नव्हती.

संगमेश्वर उठून उभा राहिला. आपल्याला डबल क्लिक अजून धड येत नाही, असं तो मॅडमना सांगायला लागला. मॅडमनी त्याला अर्ध्यावर थांबवलं.

"सगळ्यांच्या जोड्या लागल्यावर जे उरतात त्यांना नियम नसतो," त्या म्हणाल्या. "लोह्याच्या पुढं एक शाळा आहे. एकच कॉम्प्युटर, तोही चालतो का माहीत नाही. आणि माऊस उंदरांनी कुरतडलाय. जाता का?"

---

शाळेला जायच्या पहिल्या दिवशी शिवकांता नांदेडच्या स्टँडवर लवकर गेली, खिडकीची जागा पकडली आणि शेजारी बॅग ठेवली.

संगमेश्वर चढला. बॅगेजवळ येऊन उभा राहिला.

"ही जागा कुनाची हाय का, मॅडम?"

"नाव घ्या. मग सांगते."

गाडी भरलेली. पुढं दूधवाले, मागं कॉलेजची पोरं, मधे तिकीट फाडणारा कंडक्टर. त्यानं एकदा सगळीकडे बघितलं. आणि मग शेवटच्या बाकापर्यंत नीट जाईल अशा आवाजात घेतलं. कंडक्टरसुद्धा मागे वळून बघायला लागला.

शिवकांतानं बॅग उचलली आणि तो बसल्यावर दोघांच्या मांडीवर आडवी घेतली. सवयीनं त्यानं खिशातून माऊस काढला, वायर गुंडाळलेला, शाळेसाठी घेतलेला, आणि तो धरलेला हात मांडीवर ठेवला.

बॅगेखाली, कोणाला दिसणार नाही असा, तिनं त्या हातावर आपला तळवा टेकवला.

लोह्यापर्यंत तिनं तो दाबला नाही. सोडलाही नाही.